सकाळीच टाइप केलेला दाखला

शर्यतीच्या मोटारसायकलला दिवा नसतो, भोंगा नसतो, चिखल अडवणारे पत्रे नसतात आणि आवाज दाबणारा सायलेन्सर तर मुळीच नसतो. जे काढता येईल ते सगळे काढलेले असते, कारण प्रत्येक वस्तूला वजन असते. सरकारी नियमांत मात्र नेमक्या याच वस्तूंची यादी होती. रस्त्यावर येणाऱ्या गाडीला पुढे दिवा, मागे तांबडा दिवा, भोंगा, सायलेन्सर, नंबराची पाटी आणि एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक हवेत. गाडी दूध वाहते की शर्यत जिंकते, हे नियम विचारत नसे. सोलापुरात शर्यती होत त्या गावाबाहेरच्या माळावर. माळावर कोणी कागद मागत नसे. पण माळापर्यंत जायला दोन-अडीच मैलांचा रस्ता होता आणि तो सरकारचा होता. दसऱ्याच्या सुमारास आमच्या पोलिसांच्या गाडी-नोंदणी शाखेचे सगळे काम या दोन-अडीच मैलांसाठी चाले.

मी त्या शाखेत टायपिस्ट होते. वडील रेल्वेत होते. त्यांची दृष्टी अधू झाली तेव्हा मिशनच्या शाळेतले इंग्रजी आणि तिथेच शिकलेले टायपिंग माझ्या उपयोगी पडले. पोलिसांच्या कचेरीत बाई बसणार म्हटल्यावर माझ्या टेबलाभोवती एक लाकडी आडोसा उभा करण्यात आला. आडोशाला छोटी खिडकी होती. खिडकीतून अंगण दिसे आणि अंगणात गाड्यांची तपासणी होई. पाच वर्षांत मी त्या अंगणात एकदाही उतरले नाही. कोणी मनाई केली नव्हती. मलाच आडोसा बरा वाटे.

काम सोपे होते. मालक अर्ज घेऊन येई. आमचे फौजदारसाहेब अंगणात गाडी पाहत, इंजिनावर ठोकलेला नंबर मोठ्याने वाचत आणि बाकीचे रकाने सांगत. मी ते दाखल्याच्या छापील फॉर्मवर इंग्रजीत टाइप करी, एक मूळ प्रत आणि कार्बनखाली दोन. साहेब सही करत, गाडीला नंबर मिळे, रजिस्टरात नोंद होई. दाखल्यावरचे इंग्रजी मालकांपैकी फार थोड्यांना वाचता येई. पण कागद हातात पडला की बहुतेकजण तो आधी कपाळाला लावत, मग खिशात ठेवत.

शर्यतवाल्यांनी नियमावर शोधलेला उपाय साधा होता. दिवा, भोंगा आणि सायलेन्सर तपासणीच्या सकाळी उसने आणायचे, गाडीला बांधायचे, दाखला मिळाला की सोडून पुढच्याला द्यायचे. गावात असे दोन-तीन संच फिरत असावेत. इस्माईल हवालदार अंगणातली रांग सांभाळत. ते एकदा माझ्या खिडकीशी येऊन अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बीबी, ये भोंगा आज तिसरी बार आया. इसको हाजिरीबुक में लेना की नको?"

मी हसले, पण खाली मान घालून. फौजदारसाहेबांनाही हे कळत होते. ते म्हणत, "मिस, आजच्या दिवशी गाडीवर आहे ना? मग आहे. उद्या काढला तर उद्या पकडू." आणि खरोखरच माळाच्या वाटेवर उभे राहून ते दोघाचौघांना पकडतही.

अक्कलकोटकडच्या एका इनामदारांचे चिरंजीव आठवतात. विलायतेहून मागवलेली लालभडक गाडी घेऊन आले होते आणि नंबराची पाटी लावायला तयार नव्हते. भोक पाडले तर रंग उडेल म्हणाले. "मी पाटी माझ्या पाठीला बांधतो. मागून येणाऱ्याला दिसल्याशी कारण!"

"नोंदणी गाडीची आहे, तुमची नाही," साहेब म्हणाले. "उद्या तुम्ही पडलात आणि गाडी एकटीच पळाली, तर आम्ही तिला ओळखायचे कसे?"

चिरंजीव चिडून गाडी चालू करू लागले. बरोबरचा म्हातारा नोकर त्यांचा सदरा धरून हळू आवाजात कानडीत "ब्याड्री धनी, ब्याड्री" म्हणत नको-नको करत राहिला. शेवटी पाटी तारेने बांधली गेली. भोक पडले नाही आणि नियमही मोडला नाही. अशा तडजोडी साहेबांना छान जमत.

मोहोळचे एक शेतकरी तर गाडी बैलगाडीत घालून आले. दाखला नकोच, एवढेच सांगायला ते आठ-दहा कोस आले होते.

"साहेब, बैलगाडीला नंबर लागतो व्हय?"

"नाही."

"मंग ही फटफटी माज्या गाडीतला माल हाय. कडब्याची पेंडी हाय म्हना की. माळावर उतरवतो, पळवतो, परत घालतो. रस्त्याला तिचं चाक लागत न्हाई."

साहेबांनी नियमांचे पुस्तक आत पाठवून मला विचारले. मी दोनदा वाचले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. माझ्या माहितीत शर्यतीची गाडी पूर्ण कायदेशीरपणे माळावर नेणारा तो एकच माणूस. बाकीचे त्यांना हसले.

आता माझ्या पद्धतीविषयी लिहायला हवे.

दसऱ्याआधीच्या आठवड्यात एका सकाळी दहा-बारा गाड्या येत. इंजिनाचा नंबर, मालकाचे नाव आणि रंग सोडले तर प्रत्येक फॉर्म सारखाच. ब्रेक दोन, स्वतंत्र, चालू स्थितीत. भोंगा एक. सायलेन्सर बसवलेला. तीच वाक्ये तीन प्रतींत बारा वेळा टाइप करायची आणि तोवर माणसे उन्हात उभी. म्हणून दुसऱ्या वर्षापासून मी कचेरी उघडल्याबरोबर ही ठरलेली वाक्ये टाइप करून फॉर्म तयार ठेवू लागले. गाडी आली की फॉर्म पुन्हा रुळावर चढवायचा आणि नाव, नंबर, रंग भरायचा. जिथे अर्धा तास लागे तिथे पाच मिनिटे लागू लागली. साहेब खूश झाले. हवालदार बाहेर लोकांना सांगत, "अंदर बीबी नहीं, मशीन बैठी है." मला त्याचा अभिमान वाटे. तो अभिमान मी कोणाला दाखवला नाही, पण होता.

गाडीत काही कमी असेल तर साहेब बाहेरून सांगत आणि मी तो फॉर्म बाजूला ठेवी. असे पूर्वी घडलेही होते. पण हळूहळू साहेब खिडकीतून घेतलेल्या तयार फॉर्मवर नजर टाकून मग गाडीकडे पाहू लागले. आधी ते गाडी पाहत, मग कागद. हा क्रम नेमका कधी उलटला, ते मला सांगता येणार नाही. ते माझ्या कागदावर विसंबले आणि मी त्यांच्या नजरेवर.

नरसय्या हा शुक्रवार पेठेतल्या एका गॅरेजातला मिस्त्री. घरी माग होता. वडील आणि भाऊ विणत. हाच एकटा लोखंडाकडे वळलेला. घरात तेलुगू, गॅरेजात दखनी आणि आमच्याशी मराठी. लष्करातून मोडीत काढलेल्या दोन गाड्यांची त्याने एक गाडी केली होती. ती त्याची स्वतःची. माझ्या पाचव्या वर्षी, दसऱ्याआधीच्या अशाच एका सकाळी सातव्या की आठव्या नंबरावर तो आला. बारीक, अंगावर धुतलेला सदरा, हात मात्र काळे. साहेबांनी इंजिनाचा नंबर वाचला, भोंगा वाजवायला लावला, दिवा पाहिला. मी नंबर भरला. सही झाली. नरसय्याने दाखला दोन्ही हातांनी घेतला आणि विचारले, "झालं की साहेब? सगळं झालं?"

"झालं. पुढचा कोण?"

त्याच्या गाडीला पुढचा ब्रेक नव्हता. माळावरच्या सुट्या मातीत वळण घेताना पुढचा ब्रेक दाबला तर चाक घसरून माणूस फेकला जातो, म्हणून शर्यतवाले तो काढतात. हे मला नंतर कळले.

शर्यतीच्या दिवशी सकाळी तो माळाकडे निघाला. उतारावर बिराप्पा नावाचा धनगर शेरडे घेऊन रस्ता ओलांडत होता. वय साठीच्या पुढचे. नरसय्याने मागचा ब्रेक दाबला आणि त्याच्या दांड्याची खीळ निसटली. गाडी बिराप्पाच्या पायावर गेली. नरसय्यानेच त्याला टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेले आणि मग स्वतः चालत चौकीवर जाऊन बसला. बिराप्पाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

खटला उभा राहिला तेव्हा नरसय्यावर दोन आरोप होते. एक बेदरकारपणे गाडी चालवल्याचा. दुसरा जास्त जड: तपासणीच्या वेळी दोन ब्रेक दाखवून दाखला मिळवला आणि नंतर एक काढून सरकारची फसवणूक केली. पुरावा म्हणून दाखला होताच. त्यात दोन ब्रेक लिहिले होते, खाली साहेबांची सही होती. दुसरा आरोप सिद्ध झाला असता तर लांब कैद होती आणि लायसन कायमचे गेले असते. ज्याला गाडी रस्त्यावर चालवून पाहता येत नाही तो मिस्त्री कसला?

नरसय्या एकच सांगत राहिला, "मी लपवलं न्हाई. एकच ब्रेक घिऊन आलतो. साहेबांनी कागूद दिला, मला वाटलं शर्यतीच्या गाडीला चालतंय. कुणी इचारलंच न्हाई की." चौकीवर कोणाचा विश्वास बसला नाही. कागद समोर होता.

मी कचेरीची प्रत काढून पाहिली. टाइपरायटरवरून काढलेला कागद पुन्हा चढवला की ओळ पहिल्यासारखी बसत नाही. कितीही जपले तरी केसभर वर किंवा केसभर खाली जाते. ब्रेकची ओळ छापील रेघेवर नीट बसलेली होती. इंजिनाचा नंबर, नाव आणि रंग थोडे वर उचललेले होते. म्हणजे 'दोन ब्रेक' हे शब्द मी गाडी अंगणात यायच्या आधी लिहिले होते. त्या गाडीला किती ब्रेक होते, हे तो कागद सांगूच शकत नव्हता. जगात हे दोघांनाच ठाऊक होते, मला आणि फौजदारसाहेबांना.

दोन आठवडे मी काही बोलले नाही. रोज कामाला गेले. फॉर्म मात्र सकाळी तयार केले नाहीत. साहेबांनी ते पाहिले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी ते आडोशाशी आले. उभ्या-उभ्याच म्हणाले, "मिस, उद्या तुम्हाला एवढेच विचारतील की हा कागद तुम्ही टाइप केला का. होय म्हणायचे आणि उतरायचे."

"आणि साहेब, बाकीचे?"

"बाकीचे कोणी विचारणार नाही." ते खिडकीतून अंगणाकडे पाहू लागले. "माझ्या तीन मुली आहेत. थोरलीचे ठरते आहे."

त्यात धमकी नव्हती. धमकी असती तर मला सोपे गेले असते. ते भले गृहस्थ होते. पाच वर्षांत मला त्यांनी एकदाही चढ्या आवाजात हाक मारली नव्हती, आणि कचेरीत माझ्याविषयी कोणी वेडेवाकडे बोलले तर त्याला गप्प करणारे तेच होते.

मॅजिस्ट्रेट इंग्रज नव्हते, पण कामकाज इंग्रजीत चाले. मला वर बोलावले. दाखला पुढे केला. हा तुम्ही टाइप केला? होय. ही प्रत कचेरीतल्या प्रतीशी जुळते? होय. ठीक, जाऊ शकता.

मी एक पायरी उतरले आणि तिथेच थांबले. कोर्टात पुष्कळ माणसे होती आणि सगळी माझ्याकडे पाहत होती. मॅजिस्ट्रेटांनी चष्म्यावरून पाहिले.

"आणखी काही सांगायचे आहे?"

मी म्हणाले की हा दाखला मी टाइप केला, पण दोनदा. अर्धा सकाळी, गाडी येण्याआधी. अर्धा गाडी आल्यावर. ब्रेकविषयीचा भाग सकाळचा आहे.

मग ओळी कशा पाहायच्या ते मी सांगितले. त्यांनी पट्टी मागवली, कागदावर ठेवली, खिडकीकडे धरून पाहिले. सरकारी वकील म्हणाले की कागद हलल्यानेही असे होते. मी म्हणाले, माझ्या खणात त्या दिवसाचे चार फॉर्म उरले आहेत. त्यांत दोन ब्रेक आहेत आणि गाडी कुठलीच नाही.

कोर्टात कोणीतरी हसले. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी फौजदारसाहेबांना उभे केले आणि विचारले, "तुमच्या शाखेत ही पद्धत आहे?"

साहेब उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते खोटे बोलू शकले असते. माझा एकटीचा शब्द होता आणि खणाची किल्ली कचेरीत त्यांच्याकडेही असे.

"होय सर," ते म्हणाले. "आहे. या गाडीचा पुढचा ब्रेक मी पाहिला असे मला शपथेवर सांगता येत नाही."

त्यांची बढती अडली आणि महिनाभरात बदलीही झाली. जाताना खुर्चीतून उठून त्यांनी मला नमस्कार केला आणि म्हणाले, "फॉर्म आता कोरेच ठेवत जा, मिस." त्यांच्या थोरल्या मुलीचे लग्न ठरलेल्या ठिकाणी झाले की नाही, हे विचारायचे मला धाडस झाले नाही. अजूनही ठाऊक नाही.

त्या दिवशी कोर्टात हे सगळे इंग्रजीत चालले होते. ज्याच्यासाठी मी बोलत होते तो नरसय्या पिंजऱ्यात उभा राहून कधी माझ्याकडे, कधी साहेबांकडे पाहत होता. दुभाष्याने शेवटी त्याला दोन वाक्यांत सांगितले. फसवणुकीचा आरोप काढून टाकला. बेदरकार चालवल्याबद्दल दोन महिने साधी कैद. लायसन वर्षभर बंद, पण जप्त नाही. तो एकदम खाली बसला. शिपायाने दंड धरून उठवले.

बाहेर नेताना तो माझ्यासमोर थांबला. तो आभार मानील असे मला वाटले, आणि ते ऐकायला मी तयारही नव्हते.

"बाई," तो म्हणाला, "ब्रेक नव्हताच की. मला म्हाईत होतं. कागूद मिळाला म्हून मी गाडी बाहेर काढली. न्हाईतर ढकलत नेणार होतो माळापातुर."

शिपाई म्हणाला, "चल रे." तो गेला.

मी व्हरांड्यात आले. मला घरी जायचे होते. व्हरांड्याच्या टोकाला, खांबाला टेकून बिराप्पा बसला होता. बाजूला नवी कुबडी, डोक्याला पागोटे, खांद्यावर घोंगडी. मुलगा बैलगाडी आणायला गेला होता. साक्षीला म्हणून त्याला आणले होते. दोन प्रश्न विचारून सोडून दिले होते. भरपाईसाठी मुलाने गाठलेल्या वकिलाने त्याला दाखल्याची नक्कल काढून दिली होती आणि ती चार घड्या करून त्याने मुठीत धरली होती.

"पोरी," त्याने हाक मारली. "आत बोलत हुतीस ती तूच न्हवं?"

"होय, आबा."

"काय बोललीस कुनाला ठावं. समदं विंग्रजी." त्याने मूठ पुढे केली. "ह्यो कागुद तुझाच म्हनत्यात. वाचून दाव की. माझा पाय ह्येच्यापायी गेला म्हनत हुता वकील. काय लिवलंय त्यात, त्ये तरी ऐकू दे."

मी त्याच्याजवळ खाली बसले. पाच वर्षे ही वाक्ये टाइप केली होती, पण ती मराठीत कधी उच्चारली नव्हती. मी सावकाश वाचत गेले. मालकाचे नाव. गाडीचा रंग, काळा. इंजिनाचा नंबर. पुढे दिवा, एक. मागे दिवा, एक. भोंगा, एक, वाजणारा. तो प्रत्येक वस्तूला मान हलवत होता, बाजारात शेरडे मोजून घेताना हलवतात तशी.

"ब्रेक," मी वाचले. "दोन. वेगवेगळे. दोन्ही चालू."

त्याची मान थांबली.

"दोन?" तो म्हणाला.

"दोन लिहिलेत, आबा."

त्याने कागद माझ्या हातातून घेतला, होत्या त्याच घड्यांवर पुन्हा मुडपला आणि घोंगडीखाली ठेवला. मग उरलेल्या पायाकडे पाहत, कोणालाही दोष न देता, एखादी चूक दुरुस्त करावी तसा म्हणाला, "न्हाई गं पोरी. एक बी न्हवता."